आठव्या दिवसाची मोजणी

परभणीत मे महिन्यात दुपारी दोनला
लोखंडी कपाटाला हात लावता येत नाही.
मी कागद भिजवते.
फार नाही. दाबल्यावर बोटांना ओल कळावी,
थेंब मात्र पडू नये, इतपत.
हे पुस्तकातून आलं नाही.
पहिल्या वर्षी भालेरावबाईंनी माझा पंजा धरून
ओल्या कागदावर टेकवला होता:
"इतकं. याच्यावर गेलं की बी बुडून मरतं, सत्त्वशीला.
त्यालाही श्वास लागतो."

दहा ओळी, ओळीत दहा दाणे,
मध्ये अंतर, एकाची बुरशी दुसऱ्याला लागू नये म्हणून.
मग गुंडाळी, रबर, पेन्सिलीनं नंबर.
शाई पसरते.
अशा चार गुंडाळ्या, एका नमुन्याच्या.

सोयाबीन उतावळं.
मळणीयंत्राचा मार खाल्लेलं, आतून वाळून ठक्क,
पाणी दिसलं की घटाघटा पितं
आणि पिता पिताच फुटतं.
त्याला एक रात्र नुसती दमट हवा द्यायची.
उन्हातून आलेल्या पाहुण्याला
आपण आधी सावलीत टेकू देतो,
गुळाचा खडा देतो, मग तांब्या.

त्या खेपेला मूग होता, वसमतकडचा.
नळाला अकरा दिवस पाणी नव्हतं.
ऑफिसच्या टाकीत तळाशी एक मेलेली पाल.
बोअर होता, पण खारा,
आणि खाऱ्या पाण्यात बी बसून राहतं,
चहूकडून ओलं, आत तहानलेलं.
मी घरून पाच लिटरचा कॅन आणला
स्कूटीवर, दोन पायांत धरून.
धाकटी दारात उभी होती.
"माझे केस धुवायचे राहिले
अन् तू मुगाला पाणी पाजायलीस?"
व्हय, म्हणलं.

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही,
दाणा जड होतो, तेवढंच.
दुसऱ्या दिवशी गुंडाळी उघडण्याआधीच वास येतो,
भिजवलेल्या उसळीचा, थोडा मातीचाही,
माती जवळपास नसताना.
मग मूळ.
पान कधीच आधी येत नाही.
तेवीस वर्षांत एकदाही मी तसं पाहिलं नाही.

आठव्या दिवशी शेखसर चष्मा कपाळावर ढकलून
रजिस्टर उघडतात, मी सांगत जाते.
सामान्य एकोणऐंशी.
विकृत नऊ, शेपूट पिळलेले, एकाला डोकंच नाही.
मेलेले सात, बोट लावलं की पिठूळ.
आणि पाच जसेच्या तसे.
हिरवे, चकचकीत, आठ दिवस ओलीत झोपून कोरडे.
कडेचा पांढरा डोळा गच्च मिटलेला.
"मेलेल्यात धरू नका," सर दरवेळी बजावतात,
"कठीण. त्याचा रकाना वेगळा."

आई याला कुचर म्हणायची.
वरणात दाताखाली आला की
ताटाच्या कडेला काढून ठेवायची
आणि माझ्याकडे बघायची.
पाठवणीच्या वेळी मी रडले नव्हते,
त्यावरून.

ते पाच मी रुमालात बांधून घरी आणले.
असं करायचं नसतं.
उंबऱ्याच्या दगडावर एकेकाची कड घासली,
डोळ्याच्या उलट्या बाजूला,
नखाएवढीसुद्धा नाही,
आणि बशीत ओल्या कापसावर ठेवले.
तासाभरात साल सुरकुतली.
वाटलं, संपलं, माझ्या हातानं गेले.
मग सुरकुती हळूहळू भरत आली,
जशी पाण्याबाहेर आल्यावर
बोटांची टोकं परत गुळगुळीत होतात.

रात्री अडीचला नळ आला.
गल्लीभर मोटारी, बादल्या, कुणाची तरी शिवी.
धाकटी न्हाणीतून ओरडत होती, शॅम्पू दे म्हणून.
मी बशीपाशी उकिडवी बसलेले,
मोबाईलच्या उजेडात.
चौघांना पाय फुटले होते.

पाचवा अजून तसाच आहे.
खरं सांगायचं तर
त्याला मी घासलंच नव्हतं.