ओघळ

गुरुवारी रात्री अकराला, ऊन असतानाच,
ओर्वोक्कीनं साबवर क्लिअर कोट मारला.
आमच्या केमियार्वीत जूनमधली रात्र नुसती नावाची.
वारा पडला होता म्हणे,
आणि भाड्याचा कॉम्प्रेसर सकाळी परत द्यायचा होता.
मला उठवलं नाही.
उठवलं असतं तर मी म्हणाले असते,
आधी जमिनीवर पाणी मार, अंगातलं लोकरी स्वेटर काढ,
आधी पुठ्ठ्यावर मारून बघ.
म्हणूनच उठवलं नाही.

सकाळी विहिरीपाशी उभी राहून पाहिली: देखणी.
मोहरीचा पिवळा, त्यावर दुधावरच्या सायीसारखा थर.
दुरून डोंगर साजरे.
जवळ गेले, तर बॉनेटवर संत्र्याची साल,
छपरावर खसखस पेरल्यासारखी धूळ,
मागच्या दिव्याशेजारी एक डास,
सहाही पाय पसरून गोठलेला,
आणि ड्रायव्हरच्या दारावर, मुठीखाली,
बोटाएवढा जाड ओघळ,
टोकाला थेंब, पडायचा राहून गेलेला.

"आता?"
"आता आठ दिवस हात लावायचा नाही."
आठही दिवस तिनं त्या थेंबाला नख लावून पाहिलं.
धाकटी आहे. बावन्न वर्षांची.

नवव्या दिवशी बादलीत साबणाचं पाणी घेतलं,
कडांना चिकटपट्टी लावली,
पंधराशेचा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळला.
एकतीस वर्षं मी कारखान्यात टेबलांना पॉलिश केलंय.
घासताना जे चमकतं तो खड्डा,
जे मंद झालं तेच सपाट.
पाणी पांढरं येतंय तोवर घास,
पिवळं दिसलं की देवाचं नाव घे आणि थांब.
सगळी चमक आपल्याच हातानं घालवायची,
मग दोन हजार, मग तीन हजार,
मग कापड, मग पेस्ट.
ओर्वोक्की म्हणाली, "म्हणजे आधीपेक्षा वाईट करायची?"
हो. आधीपेक्षा वाईट.

घासता घासता तिचा हात वाचता येऊ लागला.
इथे घाईनं गेली, थर विरळ.
इथे नळी चाकात अडकली, हिसका बसला.
इथे खांदा दुखला, रेघ खाली आली.
मागच्या दारापर्यंत मात्र हात बसला होता,
तिथे मला काही करावंच लागलं नाही.
हे तिला सांगितलं नाही.

ओघळ आधी पात्यानं तासला,
केसाएवढा, मग परत केसाएवढा.
"इथे काय झालं? फोन आला?"
"नाही."
"रेनडिअर आलं अंगणात?"
"नाही गं."
कागद धुतला तिनं, पिळला, परत धुतला.
"अगं, पहिल्यांदाच चमकली ना.
दारात मी दिसले.
मागे तळं, शेड, तुझ्या खोलीची खिडकी.
बघतच राहिले.
बोट गनवरच होतं."

मी काही बोलले नाही.
ठोकळा हातात तसाच चालू होता,
पुढे, मागे, पुढे, मागे,
आणि दाराच्या कडेला, जिथली पट्टी कधी सुटली कळलं नाही,
पाणी पिवळं झालं.

एकतीस वर्षं.
नखाएवढी जागा, पिवळ्याच्याही खालची,
राखाडी प्रायमर उघडा.

ओर्वोक्की वाकली, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
हसली नाही, हे तिचे उपकार.
डब्याच्या बुडातला रंग काडीच्या टोकावर घेतला
आणि तिथे टेकवला,
श्वास धरून,
कुणाच्या डोळ्यात औषध घालावं तसा.
मग काडी पुसत म्हणाली,
"आता आठ दिवस हात लावायचा नाही."

आज चौथा दिवस.
दूध आणायला जाताना मी वळसा घालून शेडवरून जाते.
ओघळ दिसत नाही. रात्री उशिराच्या तिरप्या उन्हात दिसतो,
पण त्या वेळी कोण बघतंय.
डास चिमट्यानं काढला,
एक पाय आत राहिला.