धाव

आमच्या गावाला डोंगर नव्हता.
खाण आली, तिनं पोटातला डोंगर बाहेर ओकला:
पिवळी माती, निळा चिखलदगड, कोळशाचा चुरा,
डंपरमागून डंपर.
त्यातल्या हजारभर खेपा माझ्या बापाच्या.
"थो वणीकडचा खांदा हाय ना," तो बोट दाखवतो,
"थो माह्या हातचा."

आता त्यावर कुसळी माजलीय.
दिवाळीनंतर ती वाळते, आडवी होते,
शेळीसुद्धा तिथून जपून उतरते.

बर्फ मी एकदाच पाहिला. चौदा दिवस.
वसतिगृहातून सहा जणी नेल्या होत्या आम्हाला,
परत येताना पाच जणींना खोकला
आणि मला हे.
शेवटच्या दुपारी वरून एक बाई उतरली,
कडक बूट, अरुंद फळी,
इतकी कललेली की हातमोजा जमिनीला टेकत होता,
आणि मागे ना फवारा, ना खरवड,
नुसती एक रेघ.
"बाकीचे घासतात," शिकवणारा म्हणाला, "ही कापते."

झित्रू लोहाराच्या भात्यामागे
जुन्या बंड्यांच्या धावा गंजत पडल्यात,
टायरची चाकं आल्यापासून कुणी विचारत नाही त्यांना.
त्यानं एक तापवली, चाकाची गोलाई
ठोकून ठोकून उलगडली,
जवळजवळ सरळ होईपर्यंत.
जवळजवळ. पूर्ण सरळ केली असती
तर फळी कधी वळलीच नसती.
लाकूड धामणीचं, वाकतं पण मोडत नाही,
मधे कंबर घेतलेलं, दोन्ही कडांना ती धाव ठोकलेली.
"बंडी कुठं हाय याची?" झित्रूनं विचारलं.
मी म्हटलं, मीच.

बूट बापाचे, खाणीतले, लोखंडी टोकाचे.
रातपाळी करून तो सकाळी झोपला की ते माझे.
दोन नंबर मोठे,
म्हणून आत सरकीसकट कापूस कोंबला.

पहिला आठवडा मी नुसती घासले.
कूस बदलताना फळी आडवी व्हायची,
आणि मी मातीत, तोंडात कुसळं,
खाली पोट्टे, "मडाव्याची पोरगी
रोज पडाले जाते बे!"
गेटवरचा गेडाम आधी शिटी वाजवायचा,
मग नुसता बघायचा,
मग डबा घेऊन तिथंच जेवायला बसू लागला.

अंगाला पटत नाही ते.
उतार दिसला की ते मागे रेलतं, टेकडीला बिलगतं,
आणि धार सुटते.
रेलायचं नाही. गुडघे मोडायचे,
पुढच्या पायावर भार द्यायचा,
आणि जिथं पडायची भीती आहे
नेमकं तिकडेच फळीला कलवायचं,
कड जमिनीत रुतेपर्यंत थांबायचं.
हे थांबणं केवढं, तर
विहिरीत बादली सोडल्यावर
पाण्याचा आवाज येईपर्यंत, तेवढं.
आणि पायांकडे बघायचं नाही.

परवा ते झालं.
आवाजच बदलला आधी,
खरखर गेली, गवत चिरल्याचा सूर आला,
कुणी ताणून धरलेलं लुगडं फाडावं तसा,
आणि डोंगर माझ्या पायाखाली
बाजूला सरकला, वळला,
मी नाही, तोच वळला.
मग पडले.

संध्याकाळी बाप बूट शोधत वर आला.
उकिडवा बसला, त्या रेघेत करंगळी घातली,
तिच्या कडेकडेनं चालत गेला मोजत,
जिथं संपली तिथं थांबला.
"अकरा पावलं."
"हव."
"बाराव्याले काय झालं?"
"पायाकडं पाह्यलं."
तो काही बोलला नाही.
बूट घातले, नाड्या आवळल्या,
कापूस काढायचा राहूनच गेला आत,
आणि उतरला खाणीकडे,
आपल्याच डोंगरावरून, थोडा आडवा, थोडा जपून,
मागे वळून एकदा म्हणाला,
"उद्या थो खालचा दगड काढून ठेवतो."