घेणारा सापडला नाही

एप्रिलात वाचनालयात चित्रं लावायची
म्हणजे आधी पेपरवाल्यांची परवानगी.
रोज साडेआठला येणारे सहा जण.
भिंती घ्या, म्हणाले,
पंख्याचं बटण मात्र आमच्याकडे राहील.

पाट्या मीच लिहिल्या, निळ्या शाईनं.
नववीतल्या तेजस्विनी उईकेचे सात खंड्या,
सगळे आपल्याकडे सरळ बघणारे.
"बाजूनं काढला की चोच जमते, डोळा फसतो," म्हणाली.
चौरागडे मॅडमची अंबाझरीवरची संध्याकाळ,
लागते त्याहून जरा जास्तच नारिंगी.
कुणीतरी सुकलेल्या मोहफुलांचा वाघ केलेला,
दुसऱ्या दिवशीच मुंग्या लागल्या त्याला.

आणि सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा:
देवराव लांजेवार, निवृत्त पोस्टमन,
चौतीस झाडं.

नुसती झाडं नाहीत. प्रत्येकाखाली पत्ता.
कडुनिंब, घर नंबर १४२, वळणावर.
काटसावर, पिठाच्या गिरणीच्या मागे.
चिंच, हिरवं गेट, कुत्रा बांधलेला असतो.
धंतोलीपासून अजनीपर्यंतच्या बीटवर
दुपारी एकला जिथं जिथं सायकल टेकवली,
डबा उघडला, तेवढीच काढली.
"बाकीच्यांशी आपली ओळख नाही," म्हणाले.
पळसाला हवा तसा लाल बाजारात मिळेना,
तर पार्सलची लाख वितळवून
ठिपका ठिपका टाकलेला.
बोट फिरवलं तर फुलं हाताला लागतात.

अकरा चित्रांवर मात्र
पेन्सिलीची एक तिरकी ओळ,
उन्हात उभ्यानं लिहिलेल्या अक्षरात:
घेणारा सापडला नाही.
खाली तारीख. सही.

लोक आले. बायका आल्या, पोरं आली.
"हे त आमच्या दारातलं होय ना बाप्पा,
सिमेंट रोड झाला तवा गेलं."
एकजण त्या कडुनिंबासमोर उभा राहिला
आणि हळूच चपला काढल्या त्यानं,
का ते त्यालाही कळलं नसावं,
कारण लगेच घातल्या.
पेपरवाल्यांपैकी भोयरकाका
निधनवार्तांचं पान अर्धं सोडून उठले,
असं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

सत्ताविसावं चित्र मी
कुलरच्या बाजूला लावलं होतं,
जिथं पाण्याचे तुषार उडतात
म्हणून फारसं कुणी थांबत नाही.
जांभूळ, प्लॉट नंबर ९, अजनी.
फाटक उघडंच असतं, असंही लिहिलेलं.

त्याच्यावर शेरा नव्हता.

देवरावांच्या रिटायरमेंटनंतरची गोष्ट ती.
बाबांनी पांढरी गाडी घेतली
आणि जूनभर बॉनेटवर जांभळे डाग.
तीन माणसं आली, करवत आली.
फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडू नये
म्हणून दोर लावला होता,
त्याचं एक टोक धरून मी उभी होते.
नीट धरला होता मी दोर.
फांदी बरोब्बर आपल्या अंगणात पडली.

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना
देवराव जवळ आले, चष्मा पुसत.
"तुम्ही गणवीरांच्या ना? प्लॉट नऊ?
तुमच्या बी.ए.च्या मार्कलिस्टचं रजिस्टर
मीच आणलं होतं. आईनं तुमच्या
ओंजळभर जांभळं दिली होती, मीठ लावून."
कानामागची पेन्सिल त्यांनी काढली,
गठ्ठ्यावर चौतीसचा आकडा घातला,
परत कानामागं ठेवली.

"यंदा धरलंय का?"

पंखा गरगरत होता.
सुतळीची गाठ मला काही केल्या बसेना.
"जेमतेम," म्हटलं मी.

"असू द्या, एकाआड एक वर्ष असंच असते त्याचं."
सायकलच्या कॅरिअरवर गठ्ठा लावला,
दोनदा दाबून पाहिला.
"जूनमध्ये येतो एखाद्या दुपारी.
पत्ता आहेच माझ्याजवळ."