सहा, पण कशातले

इथे याशमध्ये रात्रीचे दोन वाजून वीस. नॉर्वेत एक तास कमी.
पडद्यावर तो आकडा: सहा.
नऊ दिवस तो तिथेच बसून होता
आणि मी त्याच्यावरून नऊ दिवस ये-जा केली होती.

पाण्यातला प्राणवायू लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या खाली गेला
की गजर व्हायला हवा होता.
मी लिहिलं होतं, सहा टक्के.
सहा टक्क्यांचा गजर ऐकायला
पिंजऱ्यात एकही मासा उरला नसता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
सकाळपर्यंत गुपचूप दुरुस्त करता आलं असतं,
'किरकोळ सुधारणा' अशी एक ओळ टाकून.
अशा ओळी आम्ही पुष्कळ टाकल्या होत्या.

खरं सांगायचं तर वर्षभर आम्ही त्यांना
फक्त 'हो' पाठवत होतो.
शुक्रवारी होईल? हो. समजलं? हो.
तिकडून इंगव्हिल्ड विचारायची, इकडे आम्ही चौघं माना डोलवायचो,
आणि कॉल संपला की एकमेकांना विचारायचो,
काय म्हणाली ती?

त्यांनी आमच्या संगणकांत एक पहारेकरी बसवला होता.
दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो,
माउस हलला नाही की लाल ठिपका.
कोस्मीनने जुन्या बाजारातून एक रशियन घड्याळ आणलं,
टेबलावर उताणं ठेवलं, त्यावर माउस.
सेकंदकाटा फिरे तसा पडद्यावरचा बाण थरथरे
आणि कोस्मीन खाली लिंडनच्या झाडाशी सिगारेट ओढे.
आमच्यात त्याचाच हिशेब सर्वांत हिरवा.

कराराच्या शेवटच्या पानावर एक नंबर होता,
जिवावरचा प्रसंग असेल तरच.
कुणाच्या जिवावरचा, ते लिहिलेलं नव्हतं.
मी लावला.

ओडवार नावाचा माणूस. रात्रपाळीचा. मागे वारा.
त्याची इंग्रजी आणि माझी इंग्रजी,
दोघी परक्या घरी पाहुण्या आलेल्या, अवघडून बसलेल्या.
"गजरावर विसंबू नका," मी म्हणाले, "तो मी चुकीचा लिहिलाय."
'आम्ही' म्हणता आलं असतं.
तो काहीच बोलला नाही.
मग बुटांचा आवाज, बोटीचं इंजिन,
मीटर पाण्यात सोडल्याचं डुबुक.
फोन त्याने खिशात टाकला होता, बंद केला नव्हता.

बारा पिंजरे.
प्रत्येकापाशी तो एक आकडा बोले, मी वहीत लिही:
आठ पूर्णांक दोन. सात पूर्णांक नऊ.
सातव्या पिंजऱ्यात सहा पूर्णांक चार.
तिथे तो जरा थांबला. मीही थांबले.

"मासे ठीक आहेत," शेवटी म्हणाला.
"तू काही खाल्लंस का?"

सकाळी, नोकरी गेली असं धरूनच मी कॉलवर बसले.
इंगव्हिल्डने कॅमेरा लावला, पहिल्यांदाच.
केस ओले, मागे दोरीवर मुलाचे मोजे.
म्हणाली, "तक्त्यात मी नुसतं सहा लिहिलं होतं.
कशातले सहा, ते लिहायचं राहिलं."
मग, "तू विचारलं का नाहीस?"
"विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, हिला काही येत नाही."
ती बराच वेळ गप्प.
"हो," म्हणाली. "वाटलं असतं."

त्या 'हो'वर मी पहिल्यांदा विसंबले.

पहारेकरी काही लगेच गेला नाही,
त्याचे पैसे डिसेंबरपर्यंत भरलेले होते.
तीस दिवसांची नोटीस करारात आहे तशी आहे,
आणि आमचा तास त्यांच्या तासाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, तोही तसाच.
पण काल कोस्मीन भर कॉलमध्ये म्हणाला,
"मला हे कळलं नाही, परत सांग."

घड्याळ आता त्याच्या मनगटावर असतं.
रोज चार मिनिटं मागे पडतं,
आणि उशीर झाला की तो कारणही तेच देतो.
इंगव्हिल्डला ते पटतं की नाही, माहीत नाही.
विचारायला हवं.