कांडी

पोटाच्या कातडीखाली सुई गेली
आणि डॉक्टर म्हणाले, झालं पेंटप्पा काका,
आता तीन महिने बघायला नको.

एवढ्यात?
मी अठ्ठेचाळीस वर्षं लूमवर जॉबर.
बंद पडलेला माग चालू करायला
अक्कलकोट रोडवरून रात्री दोनला सायकल पाठवायचे मला.
चालता माग बंद कर म्हणून
कुणी कधी बोलावलं नव्हतं.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं.
वर मेंदू, खाली दोन गोल,
मध्ये अक्रोडाएवढी ग्रंथी आणि तिच्यात काळा ठिपका.
पुरुषपणाचा जो रस, तोच ह्या ठिपक्याचा खुराक.
त्यानंच पेरलं असं नाही काका,
पण वाढवतो तो.
वरून हुकूम थांबवला की खाली रस थांबतो.

म्हणजे धोट्यातली कांडी काढून घ्यायची, मी म्हटलं.
माग फोडायचा नाही,
सूतच द्यायचं नाही.
ते हसले. लवकर कळलं की तुम्हाला.

कुठलं कळलं.
पंधराव्या वर्षी ज्यानं ओठावर लव आणली,
गड्ड्याच्या गर्दीत राजव्वाकडे
तीनदा वळून बघायला लावलं,
भरला बीम एकट्यानं उचलायला लावला
(आणि एकदा तिच्यावर हात उगारला,
तेही त्याच्याच खात्यावर लिहू का?)
तो घरचा माणूस
मागच्या दारानं कुणाला जेवू घालत होता
ते कंबरेचं हाड दुखेस्तोवर मला ठाऊक नव्हतं.

आता दाढी आठवड्यानं येते.
पाण्याची घागर दोन्ही हातांनी.
छाती हुळहुळते, बनियन टोचतं.
आणि ती आग!
सोलापूरचं ऊन मी जन्मभर खाल्लंय, हे ते नव्हे.
हे आतून निघतं,
मानेवरून कानांपर्यंत चढतं,
जानेवारीत, पहाटे, पंखा बंद असताना.

राजव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
वर न बघता म्हणाली,
मला व्हायचं तेव्हा तुम्ही म्हणालात, नाटकं.
मग पानं भिजवायच्या पाण्यात हात बुडवला
आणि तसाच, तंबाखूच्या वासासकट,
माझ्या मानेवर ठेवला.
बराच वेळ ठेवला.
चाळीस विड्या तरी कमी झाल्या असतील त्या दिवशी.

पीएसए एकशे बारा होता, शून्य पॉइंट चार झाला.
पोरगा ओरडला, बापू पास झाला बे!
डॉक्टर मात्र फाईल मिटत म्हणाले,
दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही.
कधीतरी ती गाठ उरल्यासुरल्या थेंबावर जगायला शिकते.
कधी स्वतःचा खुराक स्वतःच बनवते.

मी काही बोललो नाही.
यार्न महागलं त्या साली
मालकानं सूत दिलं नाही, तेव्हा आम्ही
वेस्टच्या ढिगातून वीतवीतभर धागे वेचले,
गाठी मारल्या, कांड्या भरल्या,
आणि विणलं.
चादर खडबडीत झाली, पण झाली.
पोरं जगली त्यावर.
तेव्हा गाठीला मी काय तोंडानं शिव्या देऊ?

पुढची सुई एकोणीस तारखेला.
विडी कारखान्याच्या मजुरीच्या दिवसाशेजारीच
राजव्वानं कॅलेंडरवर खूण केलीय.
तिला लिहिता येत नाही,
दोन्हीकडे तिनं सारखंच गोल काढलंय.