रिकामी नाव

सात वाजून अकरा मिनिटांनी
कोथळीच्या अंगानं उगवलं ते.
लुकलुक नाही, आवाज नाही.
आण्णा हरिपूरच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर,
पाय पाण्यात, मान वर.
"माणसं हायत म्हणतीस त्यात?"
सात, मी म्हटलं.
"मग न्ह्याआणायला नाव कुठली?"

कुपवाडच्या कारखान्यात मी रबरी सीलं तपासते.
तिथं सगळे विचारतात, खातात काय, संडासला कुठं जातात.
नावेचं विचारलं ते फक्त सिद्राम अंबीनं.

मग सांगत बसले.
पहिली तिघांची. गुडघे छातीशी,
ज्याच्या त्याच्या पाठीचा साचा घेऊन केलेलं आसन,
दुसऱ्याला ते बसतच नाही.
आण्णांनी मागं वळून
नावेतली फळी पाहिली,
चाळीस वर्षांत त्यांच्याच बुडाच्या आकाराची झालेली.

त्यानंतर पंखांची. सात माणसं, वर ट्रकभर सामान,
त्या घराच्या तुळया, भिंती बऱ्याचशा तिनंच वाहिल्या.
उतरायची चाकांवर, विमानासारखी.
"मग?"
मग नाही परवडली. आणि एकदा परतताना
पंखाला भोक होतं.
आण्णा बोटानं पायरीचं शेवाळ खरवडत राहिले.

नऊ वर्षं पुन्हा ती जुनी तिघांचीच,
सगळ्यांनी तिच्यासाठी रांग लावायची.
आता नव्या आल्यात. आपल्या आपण जाऊन कडीत कडी अडकवतात,
माणूस हात मांडीवर ठेवून बसतो.
"वल्हं?"
असतं. वेळेला.
आणि कडी लागली तरी दार लगेच उघडत नाहीत,
तास-दीड तास गळती बघतात.
(माझ्या कामाचा तेवढाच भाग, तो मी जरा लांबवून सांगितला.)
"आन् घडण?"
बुडाला रुंद, गोल. वर निमुळती.
येताना बूड जळतं, आतली माणसं गार.
मग छत्र्या उघडून समुद्रात.

"काहील हाय की मग!"
गुळाची काहील. खाली चुलवाण, वर रस.
आणि महापुरात नावा पुरेनात तेव्हा
गुऱ्हाळातून उचलून तीच पाण्यात सोडलेली,
आत दोन म्हाताऱ्या, एक शेरडू,
बुडाची काजळी तशीच.
"पंख लावून बगितलं, चाकं लावून बगितली,
फिरून काहिलीवरच आली म्हण."

एकदा, मी म्हटलं, तिकडं बांधलेल्या नावेचीच नळी फुटली.
सहा महिन्यांचे गेलेले तिघं वर्षभर अडकले.
इकडून दुसरी पाठवली, मोकळी.
त्यांचे साचे उचलून तिच्यात ठेवले.

"मोकळी?"
मोकळी.
आण्णांनी पाय पाण्याबाहेर काढले.
"रिकामी न्हेणं सोपं न्हाई, पोरी.
भरल्या नावेला माणसांचं वजन धरून असतंय.
रिकामीला वारं वडून न्हेतंय.
हळदीचे तोलार पलीकडं अडकले, पाणी वाढत होतं,
राती दोनला मी गेलो हुतो.
त्या खेपेचं भाडं कुणी देत न्हाई."

तोवर ते सांगलीच्या दिव्यांवर पोचलं
आणि मधेच विझलं,
पृथ्वीच्या सावलीत.
मी घड्याळ बघितलं.
आण्णा अजून तिथंच बघत होते, काही नसलेल्या जागी.

"रातीची एक तरी बांधून ठेवत्यात न्हवं तिथं?"
हो. माणसं आहेत तोवर.

पूल झाल्यापासून आमच्या नावेत कुणी बसलेलं नाही.
पाणी वीतभर चढलं होतं.
आण्णांनी दोर सोडला, वरच्या कडीला बांधला,
गाठ ओढून बघितली,
मग आत उतरून
करवंटीनं तळातलं पाणी उपसू लागले.