उंबील

जांबोटीच्या पुढे, डांबर संपतं तिथून
माझे अठरा मीटर.
हेस्कॉमचं यंत्र गळ्यात, पाण्याची बाटली,
आणि चैत्राचं ऊन, काजूंच्या रांगेत अडकून बसलेलं.

सतराव्या घराचा मीटर फांदीआड.
फांदी हातानं बाजूला केली
आणि कॉलरमधून आत, थेट पाठीपर्यंत
लाल ठिणग्या.
मी अंगणात शर्ट काढून नाचलो.
पुतळाक्का मिराशी हसली नाही.
"हलू नकोस," म्हणाली, "उंबील आहेत.
घर मोडलंस काय त्यांचं?
मोडू नको. मला पाहिजे ते."

मग कोयतीनं तिनं फांदी उतरवली, अलगद,
नारळाएवढा पानांचा गोळा,
पांढऱ्या रेशमानं शिवलेला,
आणि पाण्याच्या परातीवर झटकला.

मी टाके बघत राहिलो.
वडगावात आमच्या खोलीखाली
आप्पांचे दोन माग होते.
त्या खडखडाटात आम्ही पाढे
ओरडून पाठ केले.
माग किलोवर गेले, भंगारवाल्याच्या टेम्पोतून.
तेव्हापासून घर इतकं गप्प
की आप्पांचा खोकला शेजारी मोजतात.

"काय बघालास?"
"हे शिवलं कुणी?"
"त्यांनीच की.
पिल्लू तोंडात धरतात, पिल्लाच्या तोंडातनं धागा येतो.
ह्या पानाला टेकव, त्या पानाला टेकव."
धोटा, मी मनात म्हटलं.
जिवंत धोटा.

पाटा. मीठ, लसूण, चार ब्याडगी मिरच्या,
ओलं खोबरं,
आणि परातीतली ती लाल-पांढरी मूठ.
वास लिंबाच्या सालीचा,
थोडा शाळेतल्या प्रयोगशाळेचा.
मी म्हटलं, "आज सोमवार आहे."
"मग?"
"सोमवारी मी मटण-मासे खात नाही."
तिनं वरवंटा थांबवला. विचार केला. खरंच केला.
"ह्यात रक्त कुठं आहे?" म्हणाली,
"आणि चावताना त्यांनी वार बघितला काय?"

सून हल्याळकडची. दारातून म्हणाली, "चिगळी."
सासू म्हणाली, "उंबील."
वाद लग्नापासूनचा असावा,
दोघींनीही मान वर केली नाही.
नाचणीच्या भाकरीवर बोटभर चटणी
माझ्या पुढ्यात आली.

पहिला घास डोळे मिटून, औषधासारखा.
आंबट. पण चिंचेचं नाही, आमसुलाचं नाही.
ह्या आंबटाला पाय होते,
जिभेच्या कडेनं ते पळत गेलं.
मग मिरची.
मग अळ्यांचं मऊ, दुधी काहीतरी,
ओल्या काजूगराजवळचं.
एक बारकं डोकं दातात अडकलं.
दुसरा घास डोळे उघडे ठेवून.
तिसऱ्याला मीच मागितली.

युनिट चौदा. बिलातलं कन्नड तिनं
माझ्याकडून वाचून घेतलं, दोनदा,
आणि "खोकल्याला चांगली" म्हणत
उरलेली चटणी सागाच्या पानात बांधून दिली.
खानापूरच्या बसमध्ये
ते पुडकं मी खिशात ठेवलं नाही. हातात धरलं.

आप्पांनी बोट बुडवलं.
"कशाची?"
सगळं सांगितलं: पिल्लू, धागा, पानं.
त्यांनी बोट पुन्हा बुडवलं.
जेवण झालं, भांडी झाली,
लाइट घालवायला उठलो तेव्हा अंथरुणातून म्हणाले,
"धोटा कळला.
ताणा कोण ओढून धरतं?"

मला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात सतरावं घर.
मीटर न बघताच फांदीखाली उभा राहिलो.
वर नवं काम निघालं होतं.
आठ-दहा जणी एकमेकींची कंबर धरून
दोन पानांमधली फट ओढत होत्या,
शेवटचीचे पाय पानाच्या कडेवर, थरथरत.
आप्पांना फोन लावला. रेंज नव्हती.
मानेवर एक पडली, चावली.
मी हललो नाही.